मोबाइल हाताकडं

पेणच्या स्टँडवर रोह्याच्या एसटीची वाट बघत होतो. रांगेत पुढे बोटांना रंग लागलेली एक बाई आणि लॅपटॉपची बॅग अडकवलेला पोरगा बोलत होते.

“प्रणित, दर रविवारी कारखान्यात येतोस. गणपतीचे डोळे आखायला शिकायचंय म्हणतोस. कशाला रे?”

“छंद, सगुणामावशी. आठवडाभर कोड लिहून डोकं भणभणतं. तुमच्याशेजारी बसलं की शांत वाटतं.”

“मग मोबाइलवर शूटिंग कशाला चालू ठेवतोस?”

“आठवण म्हणून.”

“आठवण मूर्तीची ठेवतात. तुझा मोबाइल माझ्या हाताकडं असतो.”

“घरी बघून सराव करतो ना.”

“व्हय? एवढे रविवार झाले, ब्रशला हात नाय लावलास. तुझी कंपनी करते काय?”

“मशीनला कामं शिकवतो आम्ही.”

“कसली?”

“माणसं करतात ती सगळीच. पण हे वेगळं, मावशी. हा माझा छंद हाय.”

“बरं. ह्या रविवारी ये. ब्रश मी देते, पहिला डोळा तूच काढ. मोबाइल तेवढा घरी ठेव.”

एसटी लागली. रांग पुढे सरकली.

“ह्या रविवारी नाय जमणार, मावशी.”