अप्पांच्या ध्यानातलं पाणी

अहो, आमच्या हापिसातल्या बसवअप्पांचं ऐकलंय का? लातूर जिल्हा नुकता झालेला, त्यात दुष्काळ. टँकर भरायला पाणी कुठं उरलंय, असं साहेबांनी विचारलं. आम्ही सगळे कारकून फायली चाळायला लागलो.

अप्पा उठले. "रेणापूरला वेशीतला आड हाय. मुरुडला बाजारामागची विहीर. निलंग्याच्या वाटंवर..." गाव न् गाव तोंडपाठ!

साहेब म्हणाले, "सर्व्हे केलात?"

"न्हाई साहेब. आतड्याचं जुनं दुखणं हाय, दिवसातून धा-धा येळा परसाकडं जावं लागतंय. पर यंदाबी बाजार, लगीन, जत्रा एक सोडली न्हाई. कुठंबी गेलो की आधी पाणी बघून ठिवतो."

साहेब खुर्चीतून उभेच राहिले. "जीप काढा. अप्पा, तुम्ही पुढं बसा."

"बसतो की. फकस्त मी थांब म्हटलं की थांबायचं!"