देवीच्या नाकावरची कानस

मंडळी, आधी एक सांगा — माणसानं दोष काढावा तरी किती? काय हो आक्का, सुनेकडं कशाला बघता? मी तुम्हालाच विचारतोय! ऐका.

वाघोशीकरांनी जोगाईची मूर्ती घडवायला दिली. कुणाला? भिवबा तांबटाला! घरटी एक काशाचं भांडं आलं, वितळलं, साच्यात ओतलं. साचा फोडला — देवी प्रकटली! पण कशी? अंगभर खरखर, पाठीला ओतकामाची खुंटं! भिवबानं खुंटं कापली, छिन्नीनं पदराच्या चुण्या उठवल्या, कानस फिरवली. त्याची ख्यातीच तशी — मूर्तीवर माशी बसली तर घसरून पडावी!

सगळं झालं. दुपारी गाव देवीला न्यायला येणार. आणि भिवबाला वाटलं — डावी नाकपुडी जरा जाड आहे! घासली. मग उजवी जाड दिसायला लागली! ती घासली. मग पुन्हा डावी...

बायको चंद्राबाई ओरडली, “अहो, पुरे करा!”

“एकच हात!”

“मघापासून वीस वेळा झाला तुमचा एकच हात!”

आणि मंडळी, बघता बघता नाक बसलं! सपाट! भिवबानं कानस खाली टाकली. कासं भुकटी होऊन मांडीवर पडलेलं — ते काय परत चिकटतंय? तेवढ्यात कोपऱ्यावर ढोल! तीस वर्षांचं नाव आज मातीत जाणार!

“हार घाला वरून!” चंद्राबाई म्हणाली.

“अगं, हार गळ्यात घालतात! नाकावर कुठून घालू?”

गाव दारात आलं. भिवबानं हात जोडले. “चुकलो! हव्यास नडला. माझ्या हातानं देवी नकटी झाली!”

ढोल थांबला. तेवढ्यात गर्दी ढकलत गेनाआजी पुढं आली. वय ऐंशी, आणि नाक — आहे म्हणायचं म्हणून आहे! जन्मभर गावानं तिला नकटी म्हणून हाक मारली. लग्नातसुद्धा कुणीतरी म्हणालंच — नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! आजीनं देवीचं नाक चाचपलं. मग स्वतःचं चाचपलं. आणि टाळीच वाजवली!

“अगं बाई! मी दिलेली वाटीच देवीच्या नाकात आली की! काय रे सरपंचा, शेंबडा होतास तेव्हा मला नकटी म्हणायचास ना? पड आता पाया!”

सरपंच आडवे! मागं सगळं गाव आडवं! ढोल दणाणला, आजीनं चंद्राबाईला ओढून फुगडी घातली! भिवबा रडतही होता, हसतही होता. कानस मात्र चंद्राबाईनं कमरेला खोचली, ती दिवसभर परत दिली नाही.

तर मंडळी, आपापल्या हातात बघा! लेकाला घासताय, सुनेला घासताय, नवऱ्याला तर घासून घासून संपवलाय — आणि वर म्हणताय, एकच हात! अहो, समोरच्याला नाक शिल्लक आहे तोवर कानस खाली ठेवा!

आक्का, तुम्ही आधी.