भिंत मी सारवली

माझं माहेर देवरूखच्या वरल्या अंगाला, पार डोंगरात, आणि दिली मला हितं खाली, पावसजवळ. शाळेची पायरी मी चढले न्हाय, पण सारवायला बसले की माझा हात धरनारी आख्ख्या वाडीत कोन नव्हती, हे मी न्हाय सांगत, लोक सांगायचे, म्हंजे धाकटी येईस्तोवर सांगायचे.

धाकटी म्हंजे माझी जाऊ, सुमन. आमचे घोव सख्खे भाव, दोघंय मुंबईला कामाला, आणि आम्ही दोघी एका छपराखाली, मधी नुस्ती एक भिंत. सातवी शिकलेली ती. काय सांगू तुमाला, त्या सातवीनं माझा जीव खाल्लान. कुनाचं पत्र आलं, सुमनकडं. कुनाची गोळी कशी घ्यायची, सुमनकडं. आनि मी थोरली, मी काय चुलीची राखन करायला हाय?

त्यात तो हिवतापाचा मानूस यायचा, बोटाला सुई टोचून काचेवर रगत घ्यायचा. त्यानं हिला शिकवलंन, जो डास बूड वर करून तिरका बसतो तो हिवतापाचा, सपाट बसतो तो गटारातला, त्यानं हत्तीपाय होतो, आनि पायावर पांढरे पट्टे तो दिवसा चावनारा, करवंटीभर पान्यात पन वाढतो. झालं, ही लागली घरोघर सांगायला. करवंट्या पालथ्या घाला गो, पान्याच्या दगडी डोन्या रिकाम्या करा गो. आमच्या विहिरीत गप्पी मासे सोडलेन. म्हनं डासांची पिल्लं खातात. मी म्हनलं, गप्पी तर हितं एक हायच, आनखी कशाला? बाया हसल्या, पन करवंट्या तिच्याच सांगन्यानं पालथ्या घालायला लागल्या. माझा नुस्ता तिळपापड झाला.

मग पंपवाले आले. भिंतीभर औषध मारलंन, पांढरे ओघळ आले सगळे. त्या हिवतापाच्या मानसानं बजावलंन, डास चावून भिंतीवर टेकतो आनि तितंच मरतो, म्हनून गनपती आले तरी भिंतीला शेन-माती लावू नका, औषध मातीखाली दबतं. सुमन म्हनली, वैनी, ऐकलंत ना. ऐकलं की. बहिरी हाय काय मी?

पन गनपतीला पंधरा दिस ऱ्हायले, आनि मनात आलं, हिची भिंत अशीच ओघळलेली ऱ्हानार, आनि माझी तांबड्या मातीनं झकास सारवलेली, वर पांढऱ्या नक्षीची, मग बघू दे वाडीला कोन घरंदाज ते. ती शेतावर गेली तशी मी बसले सारवायला. दोन दिस सारवत व्हते. काय दिसत व्हतं घर! बाया बघायला आल्या, आनि तिच्या दारात कोन थांबलं न्हाय. देवाशपथ सांगते, तेवढं सुख मला लग्नात पन झालं नव्हतं.

गौरी आल्या त्या दिवशी माझी शेवंती थंडीनं कापायला लागली. सात वर्साची पोर, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजतायत, मग ताप असा की कपाळावर हात ठेववत नव्हता. रगतात हिवताप निघाला. तो हिवतापाचा मानूस आला, भिंतीकडं बघितलंन, म्हनला, ही कोनी सारवली? आमचे हे गनपतीला आलेले, दारात उभे. आनि सुमन पुढं झाली, म्हनली, मीच म्हनलं वैनींना, सनाला भिंत बरी दिसत न्हाय, चूक माझी.

काय बोलले हे तिला! शिकलेली ना तू, पोरीच्या जिवावर उठलीस! ती खाली मान घालून ऐकत ऱ्हायली. आनि मी उभी. मी एक सबूद बोलले न्हाय हो. पोर गेली असती तरी बोलले असते काय, माहीत न्हाय.

त्या कडू गोळ्या शेवंती ओकून टाकायची, सुमननं गुळात घालून भरवल्यान. पोर उठली. पन उठली ती काकी, काकी करत. जनली मी, आनि हाक तिला. मला वाटलं, बाई, भांड की माझ्याशी, सांग वाडीला खरं काय ते. ती कुनाला बोलली न्हाय, आज एवढी वर्सं झाली, मला एकटीला पन न्हाय. चांगुलपना पन सगळा तिनंच घेतलान, मला म्हनून ठेवलान न्हाय.

आता पोरीचं लगीन झालं. माहेरपनाला आली की पिशवी माझ्याकडं टाकते आनि बसते जाऊन पलीकडं. अजून जळतो जीव. देव सुमनला उदंड आयुक्ष देवो, मनापासून म्हनते. तुमी हे सगळं लिवून घेताय न्हवं, मग लिवा, भिंत थोरलीनं सारवली, कुनाच्या सांगन्यानं न्हाय. आनि बगा, तिचं नाव माझ्या आदी लिवू नका.