अक्षर ओळखणाऱ्या बाई

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष माननीय लालासाहेब, व्यासपीठावरचे सर्व सन्माननीय संचालक, मुख्याध्यापक जयराज सर, मानपत्राचं इतकं सुरेल वाचन करणाऱ्या संयोगिता मॅडम, माझे शिक्षक आणि शिक्षकेतर सहकारी, मेढ्याहून आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून हातातली कामं टाकून आलेले पालक, आणि दीड तास सतरंजीवर मांडी घालून ज्यांच्या पायांना मुंग्या आल्या आहेत ते माझे विद्यार्थी...

पाय सोडून बसा रे. आज बाई ओरडणार नाहीत.

बत्तीस वर्षांनी या शाळेतून निवृत्त होताना आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, मानपत्र दिलंत. मानपत्रातली विशेषणं ऐकताना मला दोनतीनदा वाटलं की वर्णन दुसऱ्याच कुणाचं तरी चाललं आहे. तपश्चर्या वगैरे मी काही केलेली नाही. पगार घेऊन मराठी शिकवलं. वाईहून रोज एसटीने येऊन शिकवलं, हे खरं. पण मानपत्रातलं एक वाक्य अगदी माझंच आहे. 'नुसते अक्षर पाहून विद्यार्थ्याचे नाव सांगणाऱ्या सुहासिनीबाई.' त्या वाक्याला आपण टाळ्याही वाजवल्यात. संयोगिता मॅडम त्या टाळ्यांसाठी थांबल्या, म्हणून मला खाली बघावं लागलं.

आहे खरं तसं. नाव न घातलेली वही माझ्यापुढे ठेवा, मी सांगेन कुणाची. मला त्याचा गर्व होता. स्टाफरूममध्ये पैजा लागायच्या आणि मी जिंकायचे. तर या गर्वानं काय केलं, एवढंच मला आज सांगायचं आहे. निरोपाच्या भाषणात असं बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मला पुन्हा इथे माइक कोण देणार?

आपल्या शाळेत विद्यार्थी सुरक्षा आणि व्यसनमुक्ती समिती आहे. मी तिची सचिव. वर्षातून एकदा आपण प्रभातफेरी काढतो, भिंतीवर कवटीचं चित्र काढतो, पथनाट्य बसवतो आणि ग्राउंडवर सगळ्यांकडून शपथ घेतो. एका वर्षी शपथ चालू असताना पुढच्या रांगेतला एक मुलगा ओठच उघडत नव्हता. उघडले असते तर पिचकारी पडली असती, कारण तोंडात तंबाखू-सुपारीचा मावा होता. मी पाहिलं. फोटो चांगला यायला हवा म्हणून मी त्याला मागच्या रांगेत उभं केलं. हसताय ना? मीही तेव्हा हसले होते.

आणि तक्रारपेटी. ऑफिसच्या दाराबाहेरची, हिरवी, कुलपाची. दर शनिवारी ती उघडायची, समितीनं चिठ्ठ्या वाचायच्या आणि महिनाअखेर अहवाल पाठवायचा. आमच्या अहवालात 'प्राप्त तक्रारी' या शब्दांपुढे कायम एकच शब्द असायचा, निरंक. पालकांना सांगते, निरंक म्हणजे काही नाही. एकही तक्रार नाही. सलग तीन वर्षं निरंक, म्हणून संस्थेच्या सगळ्या शाळांमधून तक्रारमुक्त शाळेची ढाल आपल्याला मिळाली. तिच्यामागच्या प्रत्येक अहवालावर माझी सही आहे.

आता खरं सांगते. पेटीत चिठ्ठ्या यायच्या. 'पंखा चालत नाही', 'खिचडीत खडा लागला', असल्या. त्या मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये वाचल्या जायच्या आणि तिथल्या तिथे निकालात निघायच्या. लिहिलेली तक्रार म्हणजे शाळेवरचा डाग, अशी आमची सगळ्यांची समजूत. डाग पडू द्यायचा नाही, यालाच आम्ही शिस्त म्हणत आलो.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीची सुट्टी संपल्यावरच्या शनिवारी, मधल्या सुट्टीत आपले शिपाई नाथाजी मला बोलवायला आले. "बाई, सर बोलावत्यात. पेटीतलं काय तरी हाय." मी केबिनमध्ये गेले. टेबलाच्या काचेवर वहीचा फाडलेला कागद होता. मी शिकवते तसंच, अगदी पद्धतशीर पत्र. मायना, विषय, 'स्वच्छतागृहामागे होणाऱ्या त्रासाबाबत'. मजकूर चार ओळींचा. दहावीची तीन मुलं लहान मुलांना टपरीवरून मावा आणायला लावतात. नाही म्हटलं की मारतात. काल मला जबरदस्तीने खायला लावला. कृपया मधल्या सुट्टीत येऊन बघावे. खाली, 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. आणि नावाच्या जागी नुसती रेघ.

पत्रलेखनाचे पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं पत्र होतं हो ते.

सर म्हणाले, "बाई, कुणाचं आहे हे? तुम्ही तर डोळे झाकून सांगाल." आणि मी सांगितलं. कागद हातातसुद्धा घेतला नाही. दोन सेकंद लागले असतील. आठवीतला मुलगा, वर्गात सगळ्यांत सुरेख अक्षर. सर "वा!" म्हणाले आणि मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्याला मदत करायची म्हणून नाव विचारत असतील, असं मला वाटलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे कळू नये? तीन मुलांची नावं शोधायची सोडून लिहिणाऱ्याचं नाव का विचारलं, असा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

त्या मुलाचं नाव मी आज घेणार नाही. एकदा घेतलं, तेवढं पुरे झालं. त्या तिघांचीही घेणार नाही. तीही मुलंच होती आणि त्यांच्या गालात मावा कधीपासून आहे हे आपल्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. त्यांतला एक मुलगा व्यासपीठावर बसणाऱ्यांच्या जवळच्या घरातला होता, इतकंच सांगते.

सोमवारी मिटवामिटवी झाली. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. दोन्हीकडची माणसं बोलवायची, चहा मागवायचा, "पोरं आहेत, चालायचंच" म्हणायचं आणि मुलांना हातात हात द्यायला लावायचं. तसं झालं. त्या मुलाचे वडील सैन्यात, तेव्हा सीमेवर होते. आई एकटी आली होती. एवढ्या माणसांसमोर ती काय बोलणार? मुलाला पुढे करून ती भिंतीला टेकून उभी राहिली. फोटो मी काढला.

मंगळवारी सायकल स्टँडमागे त्या तिघांनी त्याला गाठलं. मारलं. मग दोन पुड्या मावा त्याच्या तोंडात कोंबला आणि नाक दाबून धरलं. नाथाजींना तो ओकाऱ्या काढत पडलेला सापडला. दोन दिवस साताऱ्याला दवाखान्यात होता. शाळेच्या नोंदीत आहे, 'खेळताना पडून इजा'. आणि त्या महिन्याचा अहवाल? निरंक. सही, सुहासिनी.

जयराज सरांनी आत्ता मला एक चिठ्ठी पाठवली आहे. 'बाई, थोडक्यात आटपा. पाहुण्यांना पुढे जायचे आहे.' सर, हेही अक्षर मी ओळखते. पाहुण्यांना जायचं असेल तर त्यांनी खुशाल जावं, मला राग नाही.

दाखला न्यायला त्याची आई आली होती. मी व्हरांड्यात उभी होते. ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "बाई, पोराचं अक्षर मोत्यावाणी हाय म्हणून तुमीच सांगत हुतासा. मी गावभर सांगत फिरले. आता काय करू त्या अक्षराचं?" मी म्हणाले, "पाणी घेता का?" आवं, काय बोलले मी! मराठी शिकवणारी बाई, आणि मला एवढंच सुचलं.

तो मुलगा सांगलीला मामाकडे गेला. विश्रामबागच्या शाळेत आहे, यंदा दहावीला. आणि आम्ही पुढच्या जानेवारीत पुन्हा प्रभातफेरी काढली.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात पेटीत आणखी एक चिठ्ठी आली. जागा तीच, मुलं नवी, आणि आता मावाच नाही, नशेच्या गोळ्याही आहेत. सरांनी पुन्हा मला बोलावलं. कागद बघताक्षणी मला नाव कळलं. मी म्हणाले, "सर, ओळखू येत नाही." त्यांचा विश्वास बसेना. मग मीच म्हणाले, "घरी नेऊन वह्यांशी ताडून बघते." आयुष्यात इतकं ठरवून खोटं मी कधी बोलले नव्हते. कागद घरी नेला तो परत आणलाच नाही.

सोमवारी मी तो जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे दिला. लिहिणाऱ्याचं नाव दिलं नाही. सोबत माझं निवेदन दिलं, सहीनिशी. दोन वर्षांपूर्वी काय झालं, नाव कुणी सांगितलं, खोटी नोंद कुणी केली, निरंकवर सह्या कुणाच्या, सगळं लिहिलं आहे. पहिलं नाव माझं आहे. परवा चौकशीला माणसं येतील. सहकाऱ्यांनो, तुम्हाला विचारतील. तुम्हालाही सगळं माहीत होतं. बोला, एवढीच विनंती आहे.

कृपा करून याला धाडस म्हणू नका. पेन्शनचे कागद मंजूर होऊन हातात आल्यावर केलेलं आहे हे. दोन वर्षं आधी केलं असतं तर काही अर्थ होता.

आणि मुलांनो, ती चौकशी होईपर्यंत त्या पेटीत काही टाकू नका. पेटीची सचिव तुम्हाला सांगते आहे. कुणी त्रास दिला तर घरी सांगा. घरी सांगता येत नसेल तर १०९८ ला फोन करा, पैसे पडत नाहीत.

निवेदन देण्याआधी, रविवारी, मी सांगलीला जाऊन आले. त्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय कशी सांगायची? तो अभ्यास करत होता. खूप उंच झाला आहे. मला बघून उठला, पाया पडला. टेबलावर वही उघडी होती. मी सवयीनं वाकून बघितलं आणि मला ते अक्षर ओळखता आलं नाही. उलटं झुकलेलं, तुटक, एकाला एक न लागणारं. मी विचारलं, "हे कुणाचं?" तो म्हणाला, "माझंच. बदललं बाई. आता कुणाला वळखाय येत न्हाई." वर्षभर रोज सराव करून बदललं म्हणाला. मग म्हणाला, "सांगा तुमी सगळ्यास्नी. नाव तेवढं घिऊ नका."

लालासाहेब, आपण मला बोलू दिलंत, सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभार मानते. नाथाजी, तुमचे वेगळे आभार, त्या दिवशी त्याला उचलून रस्त्यापर्यंत तुम्ही एकटे धावला होतात. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही कमीजास्त झालं असेल, तर ते आपण पोटात घालावं.

त्या मुलाकडेही मी माफी मागितली. हात जोडून मागितली. तो घाबरला, म्हणाला, "असू द्या बाई." मोठी माणसं चुकली की 'असू द्या' म्हणायचं, हे आपण मुलांना फार नीट शिकवलं आहे. मी काही ती माफी मिळाली असं धरलेलं नाही. कृपा करून आपणही धरू नका.

नमस्कार.