पाठीवरचा हात

बहीण : ते खोगीर परत खुंटीवर टांग. आज हिच्या पाठीवर काही चढणार नाही.

भाऊ : सकाळी सकाळी हुकूम नको सोडूस, ताई. स्वार बाहेर खोळंबलाय. तुझी मालीश झाली ना? मग हो बाजूला.

बहीण : मालीश करतानाच कळलं. हात पाठीवर आला आणि कातडी थरथरली हिची. खोगीर बसतं तिथेच, उजवीकडे. लिंबाएवढी गाठ आहे.

भाऊ : काल डॉक्टरांनी चारही पाय तपासले. ठणठणीत म्हणाले.

बहीण : पाय तपासले. दुखतेय पाठ.

भाऊ : म्हणजे तू डॉक्टरांपेक्षा शहाणी?

बहीण : ते पाच मिनिटं येतात. मी सहा वर्षं हिच्या अंगावरून हात फिरवतेय. परवा खरारा करणाऱ्याला चावली, तर तू म्हणालास माजलीय. अरे, बोलता येत नाही म्हणून चावली ती!

भाऊ : रविवारी शर्यत आहे. मालकांना शब्द दिलाय मी.

बहीण : देताना हिला विचारलं होतंस?

भाऊ : वीस वर्षं या पागेत घासलीत मी. घोडी कळते मला.

बहीण : मग ये. बोटं टोचू नकोस, अख्खा तळहात ठेव. आता हळूच भार दे.

भाऊ : अगं... अगं, हो हो! शांत, बाळा, शांत!

बहीण : थोडक्यात वाचलास, लाथ बसली असती. कळली घोडी?

भाऊ : ...गरम लागतंय गं.

बहीण : आत पेटलंय सगळं. पळवलीस तर पळेल, जीव तोडून पळेल. पुढे उभी राहील का, ते मात्र मला विचारू नकोस.

भाऊ : रविवारपुरती पाठ मोकळी करून दे ना. पुढचं पुढे बघू.

बहीण : रविवारपुरतं काम मी करत नाही.

भाऊ : तर मग उद्यापासून पागेत पाऊल टाकायचं नाही!

बहीण : नाही टाकत. पण आज या दारातून हलणार नाही. खोगीर चढवायचंच असेल तर आधी माझ्या पाठीवर चढव.

भाऊ : आपल्या आबांवर गेलीयेस अगदी. थांब, फोन लावतो.

(तो दारातच उभा राहून फोन लावतो.)

भाऊ : साहेब, रविवारच्या शर्यतीतून हिचं नाव काढा. घोडी पळणार नाही... नाही, डॉक्टर नाही, माझी बहीण म्हणते. आणि मीही म्हणतो, हात लावून पाहिलंय... बरं. घोडी तुमची, मर्जी तुमची.

बहीण : काय म्हणाले?

भाऊ : नाव काढतायत. पण सोमवारी गाडी पाठवून हिला दुसऱ्या पागेत नेणार. झालं समाधान? पागेतली सगळ्यात चांगली घोडी गेली.

बहीण : तिकडच्यांना चिठ्ठी लिही. तीन आठवडे खोगीर नाही, म्हणावं.

भाऊ : वाचणार कोण ती?

बहीण : तू लिही तर. आज गुरुवार, म्हणजे चार दिवस आहेत हातात. आणि जरा उजेडातून सरक, डावी बाजू राहिलीय.