मान वळवलेला करकोचा

पासपोर्ट कचेरीत माझ्या पुढच्या बाकावर एक आजी आणि तिची नात बसली होती. समोरच्या भिंतीवर देशाचं राजचिन्ह होतं: पंख पसरून झेपावलेला करकोचा, मान मात्र मागे वळवलेली.

"आजी, हे खरंच आजोबांनी कोरलं?"

"मग! पहिला पितळी ठसा त्यांच्याच हातचा. पीस न् पीस बघून घे."

"किती सुंदर आहे गं! पण उडतोय पुढे आणि बघतोय मागे, असं का?"

"चुकलं त्यांचं."

"काय?"

"मूळ चित्रात तो पुढेच बघत होता. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलट उमटतं. अंग, पंख, पाय बरोबर उलटे कोरले. डोकं शेवटी राहिलं, ते चित्रात दिसलं तसंच कोरून बसले."

"आजोबा? एवढे पट्टीचे कारागीर?"

"त्या दिवशी तुझ्या बाबाच्या वेळच्या कळा सुरू झाल्या होत्या मला. हात ठशावर, जीव घरात."

"मग चांगलाच ओरडा बसला असेल."

"यांच्या तर तोंडचं पाणी पळालं होतं. चित्रकार बाई आल्या, ठसा उमटवून बघितला. मग म्हणाल्या, 'आता याला हात लावू नका. हे मला सुचायला हवं होतं.'"

"वा!"

"तुझा नंबर पुकारला बघ. जा, घे पासपोर्ट. विमान काही तुझ्यासाठी थांबणार नाही."

नात खिडकीकडे निघाली. जाता जाता तिने मागे वळून पाहिलं.

"पुढे बघून चाल गं, धडपडशील!"