एका बोटावरचा पंख

...नाई, तुम्हीच सांगा, काऊन लावावं म्या? ज्याले नव्हतेच त्याले काऊन चिकटवावं? पिसं नाई म्हणजे नाई!

आता मी लहानू सुतार, नाचणगावचा, तान्ह्या पोळ्याले लेकरं ओढतात ते लाकडी बैल करण्यात जिंदगी गेली, मले काय ठाऊक टेरोसॉर? पण दोन हजार तीन साली शाळेतल्या मयुरी मॅडम आल्या, हातात पुस्तक, म्हणे, "लहानूभाऊ, वर्ध्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा करून द्या, डायनासोरच्या काळात उडायचा, पहिला नंबर आला तर मुलं नागपूरला जातील." आमच्या शाळेचं एक पोरगं आजवर वर्ध्याच्या पुढं गेलं नाई, तुम्हाले सांगतो!

चित्र पाहून त माह्यं डोकंच फिरलं. अख्खा पंख एका बोटावर! हे पाहा, करंगळीच्या बाजूचं, हे बोट वाढत वाढत हातापेक्षा लंबं झालं अन् त्याच्यावर कातडी ताणली. वटवाघळालेबी चार बोटं लागतात राजेहो! मॅडम सांगे, पयलेचे लहान होते, लंबी शेपटी, तोंडात दात. मंग शेपटी आखूड झाली, कितीकाचे दात गेले, अन् पंख पसरला त बैलबंडीपेक्षा मोठा! जर्मनीत दगडात पंखाची छाप सापडली म्हणे, कातडी साफ दिसते. पिसं? नाई म्हणजे नाई!

सागवानाचं बोट तीनदा मोडलं, चौथ्यांदा जमलं. वर छत्रीचं कापड ताणलं. अन् हातच्या सवयीनं पायाखाली चार चाकं ठोकून मोकळा झालो... बैलाले ठोकतो तसे!

आता प्रदर्शनात तपासनीस साहेब आले. चाकांवर एक शब्द नाई! म्हणे, "पक्षी छान आहे, पण पिसं कुठं आहेत?"

"साहेब, हा पक्षी नाई."

"उडायचा ना?"

"उडते त पतंगबी!"

"मग पक्ष्यांचा आजोबा म्हणा."

"आजा कायचा साहेब, पाखरं दुसऱ्या घरचे. ह्याचा त वंशच बुडाला."

"बरं बरं, चार पिसं चिकटवा, पहिला नंबर देतो."

झालं! पोरं माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. माही बायको पंचफुला त समोरच्या कोंबडीवाल्याकडून पिसं पदरात बांधून हजर! "लावा ना जी, लेकराइचं नागपूर होते!" म्या पिसं हातात घेतलेबी, खोटं काऊन सांगू? मॅडमकडं पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते, पण मान हलवली... नाई. मंग म्या छाती काढून सांगतलं, "साहेब, करोडो वर्षं झाले ह्याले मरून, ह्याच्या तर्फेनं बोलाले मागं कोणी उरलं नाई. म्हणून मी बोलतो. पिसं नाई म्हणजे नाई!"

गेलं नागपूर. उत्तेजनार्थ भेटलं. पंचफुलानं प्रमाणपत्र काचेत मढवून दुकानात टांगलं, टेरोसॉरच्या खालीच. त्याच्यावर छापलं हाये, 'उत्कृष्ट पक्षी.' आता जो गिऱ्हाईक येते तो पयले ते वाचते, मंग वर पाहते, अन् मले म्हणते, "काऊन जी लहानूभाऊ, पिसं लावाचे राह्यले का?"